येऊरच्या पायथ्याचं पाणी आणि माथ्यावरची जमीन

डोंगरपायथा

ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या अंगाला आमची सोसायटी आहे. आवारात एक बांधीव विहीर आहे, इथं भातखाचरं होती त्या काळातली, आणि दोन बोअर. महापालिकेचं पाणी प्यायला-स्वयंपाकाला आणि विहिरी-बोअरचं फ्लशला, बागेला, धुण्याला, असं बरीच वर्षं सुरळीत चाललं होतं.

आता दोन गोष्टी बदलल्यात. पूर्वी विहिरीला शिमग्यापर्यंत बरं पाणी असायचं, हल्ली संक्रांत सरली की तळाचे दगड दिसायला लागतात. पाऊस मात्र तेवढाच पडतोय. आणि पावसाळा लागला की सुरुवातीचे काही दिवस बोअरच्या पाण्याला कुबट वास येतो. कमिटीपुढे तोडगा एकच आहे: तिसरी बोअर मारायची, आधीच्या दोन्हींपेक्षा खोल. मशीनवाल्याचं कोटेशनही येऊन पडलंय.

मला हे पटत नाही. पाणी जिथं उपसतो तेवढीच जागा आपण बघतोय. ते मुरतं कुठे आणि त्या जागेचं काय झालंय, हे सोसायटीत कुणी विचारत नाही. मागे डोंगराचा पायथा उभा कापून एक मोठा प्रकल्प झाला, खाली दोन मजली तळघराचं पार्किंग. कापलेल्या उताराला काँक्रीटची संरक्षक भिंत आहे. त्या भिंतीत ओळीनं पाईप सोडलेत आणि दिवाळी होऊन गेली तरी खालच्या ओळीतून बोटाएवढी धार चालू असते. स्वच्छ, गार पाणी. पाईपाच्या तोंडाखाली शेवाळ, त्याखाली क्षारांची पांढरट रेघ, आणि तिथून ते सरळ पावसाळी गटारात. त्याहून वर पठारावर बंगले झाले, लग्नाची लॉन झाली, पेव्हर ब्लॉकची पार्किंग झाली.

डोंगरावरच्या जमिनीच्या वापराचा पायथ्याच्या भूजलाशी नेमका संबंध कसा लागतो? या विषयात काम केलेली मंडळी इथं आहेत म्हणून विचारतोय.

भूजल_निवृत्त

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत विहिरींची पातळी मोजण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर, एकावर एक साचलेले. ठाणे-मुंबईच्या बाजूला त्यांत ज्वालामुखीच्या राखेचे आणि तुकडेजोड खडकाचे थरही आहेत. घट्ट काळा कातळ पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यावर, जिथं खालच्या थराचा माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेला असतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा सापडतो. ती माती चिकण, पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी तिच्यावरून आडवं सरकतं आणि उतारावर हा सांधा जिथं उघडा पडतो तिथं झरा फुटतो. पायथ्याच्या जुन्या विहिरी बहुतेक अशाच सांध्याच्या वाटेवर, झरा बघून खणलेल्या असतात.

असा साठा मुळात लहान. त्यात उतार तीव्र, म्हणून तो पावसाळा संपल्यापासून रिकामा होत राहतो. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यालेण्यापाशी पाण्याच्या पोढी (कातळातली टाकी) कोरल्या, त्या पावसाचं पाणी धरून ठेवायला. हा डोंगर आपणहून उन्हाळाभर पाणी पुरवत नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

आता तुमची भिंत. तुम्ही गटारात जाताना बघता ते पाणी तुमच्याच विहिरीच्या वाटेवरचं असण्याची दाट शक्यता आहे. पायथा उभा कापला की सांधा वरच्या वरच उघडा पडतो. जे पाणी मुरमातून हळूहळू झिरपत माघ-फाल्गुनात विहिरीला आलं असतं, ते मार्गशीर्षाच्या आतच भिंतीतून निघून जातं. पाऊस तेवढाच आणि विहीर लवकर आटते, या कोड्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं माथ्यावर. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस धरा. एक हेक्टर पठारावर अडीच कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं समजा दहा टक्के मुरलं तरी २५ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २५० टँकर. त्या हेक्टरावर पेव्हर, गच्ची नि दाबून घट्ट केलेलं लॉन आलं की हे मुरणं जवळपास थांबतं. पाणी ओढ्याला लोंढ्यानं येतं आणि त्याच दिवशी खाडीत जातं.

खारघरकर

+१. पारसिकच्या रांगेची अवस्था याहून वाईट आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना खाणींनी उभे कापलेले कडे दिसतात. लोकांना वाटतं खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं म्हणजे भूजल वाढलं. काका, हे कितपत खरं?

भूजल_निवृत्त

फार कमी वेळा खरं. खाणवाला आधी वरची माती आणि मुरूम काढून टाकतो. डोंगराचं कोठार तेच, आणि ते ट्रकमध्ये भरून भरावाला जातं. खाली उरतो घट्ट पाषाण. त्यात साठलेलं पाणी उघडं, उन्हात उडून जातं. क्रशरची बारीक भुकटी आसपासच्या उतारावर बसते आणि पहिल्या सरींत लिंपण घातल्यासारखी जमिनीची तोंडं बंद करते. सुरुंगांनी नव्या भेगा पडतात हे खरं, पण त्या भेगा पाणी कुठे नेतील ते कुणाच्या हातात नसतं. सुरुंगानंतर झरा एका वाडीवरून दुसरीकडे सरकल्याचं मी पाहिलंय. पुढे खाण बंद झाली की खड्ड्यात राडारोडा आणि कचरा टाकायला सुरुवात होते, आणि मग मात्र त्याच भेगांतून घाण थेट खाली उतरते.

खांबतुळई

स्थापत्य अभियंता आहे, बांधकामाच्या बाजूनं दोन गोष्टी मांडतो. संरक्षक भिंतीत पाईप सोडावेच लागतात. मागे पाणी तुंबलं तर दाब वाढून भिंत कोसळते, माणसं मरतात. त्यामुळे ती धार बघून कुणी पाईप बुजवायला जाऊ नका. दुसरं, नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, पुनर्भरणाचे खड्डे आम्ही करतो. सगळं खापर बांधकामावर फोडणं योग्य नाही. आणि बोअर खोल नेली तर खालच्या थरात पाणी लागतं, हा आमचा साइटवरचा रोजचा अनुभव आहे.

भूजल_निवृत्त

पाईप बुजवू नयेत हे अगदी बरोबर, आणि ते तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. भिंतीला पाईप हवेतच. माझा आक्षेप उतार कापण्याच्या परवानगीवर आहे. एकदा कापल्यावर भिंत नि पाईप ओघानं येतात. निदान त्या पाईपांचं पाणी गटाराऐवजी खालच्या विहिरीकडे किंवा टाकीत वळवता येतं, ते काम तुमच्यासारख्यांनी आराखड्यातच धरावं.

पुनर्भरणाचा खड्डा पायथ्याला करून माथ्याची भरपाई होत नाही. घोडबंदरला पायथा आणि खाडी यांत फार अंतर नाही. खाली मुरवलेलं पाणी लवकर खाडीकडे निघून जातं. माथ्यावर मुरलेलं पाणी अख्खा डोंगर उतरत येतं, तोच प्रवास आपल्याला उन्हाळ्यापर्यंत पुरतो.

खोल बोअरबद्दल मात्र मी ठाम विरोधात आहे. कातळातल्या बोअरला केसिंग, म्हणजे आतून आधाराचा पाईप, घालतात ते वरच्या मुरमापुरतं. खाली भोक उघडंच. ही बोअर लाल मातीचा पट्टा फोडून गेली की वरच्या सांध्यातलं पाणी त्या भोकातून खाली गळतं, बुडाला भोक पडलेल्या माठासारखं. तुम्हाला दोन-तीन वर्षं पाणी मिळेल, तुमची विहीर मात्र आणखी लवकर आटेल आणि शेजारच्यांचीही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात साठ मीटरच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ म्हणून वेगळी धरून तिच्यावर बंधनं घातलीत, त्यामागे कारण आहे. शिवाय खाडीच्या इतक्या जवळ खोलवरून उपसा वाढवला की खारं पाणी आत सरकतं. डोंगरातून येणारं गोडं पाणी त्याला मागे रेटून धरतं, ते घटलं की खारं पाणी पुढे येणारच.

शहापूरची_लेक

माहेर शहापूर तालुक्यातलं, राहते कळव्याला. भातसा, तानसा, वैतरणा, सगळी धरणं आमच्याकडे. मुंबईची तहान आमच्या डोंगरांवर भागते आणि आमच्याच गावपाड्यांत मार्चनंतर टँकर फिरतात. धरणातलं पाणी दरीत असतं, वस्ती चढावर. चढावरच्या वस्तीला झऱ्याशिवाय दुसरं काही नसतं.

आमच्या घरामागच्या वरकस जमिनी एकामागून एक विकल्या गेल्या. फार्महाऊस आली. डोंगराच्या कुशीत जेसीबीनं पायऱ्या पाडून सपाटी केली, रस्ता नेला. रस्त्याच्या वरच्या अंगाला जो नवा काप पडला त्यातून दोन पावसाळे पाणी वाहताना दिसलं आणि खालच्या वाडीचा झिरा बसला. बायका तिथं मे महिन्यात वाटीनं पाणी भरायच्या. एक हंडा भरायला बराच वेळ लागायचा, पण पाणी असायचं. आता झिऱ्याच्या जागी ओल्या मातीचा डाग उरलाय आणि बायका त्याच फार्महाऊसच्या गेटवर नळीनं पाणी मागायला उभ्या राहतात. जमीन विकणाऱ्याची गरज मला कळते. पण खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, झऱ्याचा उल्लेख कुठेच नसतो.

एक_वाचक

राग मानू नका, पण डोंगरावर राब भाजणारे आणि लाकूडतोड करणारे यांच्यामुळेही उतार उजाड होतात ना? त्यावर कुणी बोलत नाही.

पाड्यावरचा

बोलतो. मी येऊरच्या पाड्यावर वाढलो. राब भाजतात तो रोपाच्या वाफ्यापुरता, घराजवळच्या तुकड्यावर. त्यासाठी फांद्या छाटतात, झाड तोडत नाहीत, ते पुन्हा फुटतं. वणवा वेगळा. वणव्यानं पालापाचोळा जळून गेला की पहिल्या पावसात माती वाहते, हे आमच्या घरातही लहानपणापासून सांगतात. अलीकडचे बरेच वणवे बाहेरून येऊन पार्ट्या करणाऱ्यांच्या आगीतून लागलेले आम्ही विझवलेत.

झऱ्याभोवतीची झाडं आमच्याकडे कुणी तोडत नाही. उंबर असेल तर मुळीच नाही. झऱ्याच्या वर गुरं बांधत नाहीत, वर कुणी शौचाला बसायला जात नाही. हा नियम लिहिलेला नाही, पण मोडला तर म्हातारी माणसं शिव्या घालतात. आता झऱ्याच्या वरच बंगल्यांचे शोषखड्डे आलेत, त्यांना कोण बोलणार? आमच्या पाड्यातल्या एका झऱ्याचं पाणी पावसाळ्यात पीत नाही आता. पोरांना जुलाब व्हायला लागले तेव्हा सोडलं.

डोंगरपायथा

दादा, हे वाचून आमच्या बोअरच्या वासाचा उलगडा होतोय असं वाटतं. आमच्याकडे एकानं टीडीएस मीटर लावून ‘पाणी उत्तम’ असं जाहीर करून टाकलंय.

भूजल_निवृत्त

टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. डोंगरातलं पाणी क्षारांनी कमीच असतं, त्यामुळे मैलामिश्रित पाणीही त्या मीटरवर छान दिसू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही असता कामा नये, आणि नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. या दोन तपासण्या करून घ्या. घरगुती पहिली चाचणी म्हणून एच टू एसची बाटली चालते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातल्या उबदार जागी ठेवायचं, एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर मैल्याचा संशय धरायचा.

शोषखड्डा सपाट जमिनीवर, खोल मातीत असेल तर माती पाणी गाळते. डोंगरावर माती वीतभर आणि खाली भेगाळ कातळ. तिथं गाळणी नाहीच. पहिल्या पावसात साठलेली घाण एकदम खाली ढकलली जाते, म्हणून वास सुरुवातीच्या दिवसांतच येतो. नमुना तेव्हाच घ्या. मे महिन्यातला नमुना तुम्हाला खोटा दिलासा देईल.

कातळफूल

वनस्पतिशास्त्र शिकवते. एक मुद्दा राहिलाय, झाडं लावण्याचा. ‘डोंगर उघडा आहे, झाडं लावू या’ म्हणून दर जुलैत मोहिमा निघतात आणि पठाराच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, खड्डे घेऊन गिरिपुष्प नाहीतर अकेशिया लावतात. सडा ओसाड नसतो. पावसाळ्यात त्याच्यावर डबकी साठतात, गवत आणि तेरड्यासारखी फुलं येतात, आणि डबक्यांतून पाणी भेगांत उतरत राहतं. तिथं माती आणून टाकली, पृष्ठभाग बदलला की हे थांबतं.

जंगलाचं गणितही सरळ नाही. झाडं पाणी पितात, तसंच मुळं आणि पाचोळा जमीन मोकळी ठेवून पाणी आत घेतात. यातलं भारी काय ठरतं ते पावसावर आणि झाडांच्या जातीवर अवलंबून. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात नैसर्गिक जंगल, अकेशियाची लागवड आणि वापरून उजाड झालेली जमीन यांची तुलना झाली आहे. जोराच्या पावसात सगळ्यात जास्त पाणी मुरलं ते नैसर्गिक जंगलात. म्हणून आहे ते जंगल राखणं पहिलं, लागवड नंतर. उतारावर चर खणायचे तर ते झऱ्याचं पाणलोट बघून. सगळीकडे सारखे चर खणून उपयोग नाही, कुठे कुठे त्यांनी कडा सैल होऊन दरड येऊ शकते.

दूरदेशी_ठाणेकर

सध्या कामानिमित्त व्हिएन्नात आहे. या शहराचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं आल्प्सच्या झऱ्यांमधून येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. तिथला डोंगर चुनखडीचा, भेगा आणि पोकळ्यांचा, वर पडलेलं पाणी फार लवकर झऱ्याला येतं. म्हणजे गाळणी तिथंही नाही. म्हणून शहरानं झऱ्यांच्या वरची जमीनच ताब्यात घेतली. तीस हजार हेक्टरांहून जास्त जंगल-डोंगर शहराच्या वनखात्याकडे आहे आणि तिथं लाकडापेक्षा पाणी पहिलं. एका दमात मोठा पट्टा साफ तोडत नाहीत, चराईवर लक्ष असतं, डोंगरावरच्या निवाऱ्यांच्या सांडपाण्याचा बंदोबस्त वेगळा करतात. मला विशेष वाटलं ते हे की शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या डोंगराची जमीन कशी वापरायची, याचा खर्च शहर उचलतं.

शहापूरची_लेक

मुंबईनं शहापूरच्या डोंगरासाठी असं काही करावं असं आम्ही कितीतरी वर्षं म्हणतोय.

खांबतुळई

काका, तुमचं उत्तर वाचून खोल बोअरचा मुद्दा सोडतो. केसिंगच्या खाली भोक उघडं राहतं हे आम्ही बघतो, पण त्यातून वरचं पाणी गळतं असा विचार साइटवर होत नाही. आता कामाचं बोलू. नियमात १:५ पेक्षा (पाच मीटर आडव्या अंतराला एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. एवढं असून झरे का वाचत नाहीत?

भूजल_निवृत्त

कारण यांतला कुठलाही नियम झऱ्याच्या पाणलोटावरून आखलेला नाही. १:५ चा नियम उतार वाचवतो. वरचं सपाट पठार त्यातून मोकळं सुटतं, आणि पाणी मुरायची मुख्य जागा तीच. महाराष्ट्राच्या आधीच्या, १९९३ च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी होती. ते वर्तुळ मैदानात चालतं. डोंगरात स्रोताच्या खालचे ५०० मीटर जपून काही मिळत नाही आणि वर दीड किलोमीटरवरचा शोषखड्डा निवांत सुटतो. शिवाय थर ज्या बाजूला कलले असतील त्या बाजूला पाणी जातं, त्यामुळे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस अलीकडच्या झऱ्याला येऊ शकतो. नकाशावरची पाणलोटाची रेघ आणि भूजलाची रेघ एक असेलच असं नाही.

सिक्कीमनं २००८ पासून झऱ्यांचं काम सुरू केलं ते याच क्रमानं: आधी खडक वाचायचा, झऱ्याचं पाणी कुठून येतं ती जागा ठरवायची, मग तिथंच चर. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेची भूवैज्ञानिक मंडळी त्यात होती. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानं हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटले किंवा हंगामी झाले असं म्हटलं. आपल्याकडे सह्याद्रीच्या आणि ठाण्याच्या झऱ्यांची अशी नोंद गावपातळीवर व्हायला हवी. ती झाली तरच बिगरशेती परवानगीच्या वेळी कुणाला झरा दिसेल.

पाड्यावरचा

आमच्याकडचे झरे मी दाखवू शकतो. कोणता कधीपर्यंत वाहायचा आणि आता कधी थांबतो, हे घरातल्या बायकांना पाठ आहे. लिहून घ्यायला कुणी तरी या.

कातळफूल

मी येते. विद्यार्थ्यांनाही घेऊन येते. प्रत्येक झऱ्यापाशी ठरलेल्या मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर पंधरा दिवसांनी लिहायचं, एवढ्यावर सुरुवात होते.

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीची बैठक झाली, हा धागा छापून नेला होता. तिसरी बोअर तूर्त रद्द. भिंतीच्या पाईपांचं पाणी आमच्या विहिरीपर्यंत आणण्यासाठी शेजारच्या प्रकल्पाच्या सोसायटीला पत्र देतोय. पाण्याचा नमुना जूनच्या पहिल्या पावसानंतर देणार. काका, एकच शंका. ठेकेदारानं आमच्या जुन्या, आटलेल्या बोअरमध्ये गच्चीचं आणि पार्किंगचं पाणी एकत्र सोडायचं ठरवलंय, निम्मी पाईपलाईन टाकूनही झाली. चालेल?

भूजल_निवृत्त

पार्किंगचं अजिबात नाही. त्यात तेल, टायरची काजळी, कुत्र्या-मांजरांची घाण, सगळं असतं आणि बोअरमधून ते एका झटक्यात भेगांत जातं. मग ते काढता येत नाही. गच्चीचं चालेल, पण पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्या, आणि पुढे वाळू-खडीच्या गाळणीतून. गच्चीवर कबुतरांचा वावर असेल तर बोअरऐवजी टाकीत घ्या आणि वापरून टाका.

डोंगरपायथा

कबुतरं भरपूर आहेत. ठेकेदाराला आत्ताच फोन केला, पार्किंगची जोडणी उद्या तोडतोय, गच्चीचं पाणी बागेच्या टाकीला जाईल. जुन्या बोअरच्या तोंडावर झाकण बसवून घेतो.